आत्ताच्या आधीचा दिवा

माझं डोकं सुंदर आहे असं मला आजवर एकाच माणसाने सांगितलं. तेही बऱ्हाणपूरच्या राजघाटावर, सकाळी, मी तापीत बुडी मारून पायरीवर आलो तेव्हा. अंगावर ओला पंचा, डोक्यावर काहीच नाही.

बाई दोन पायऱ्या वर उभ्या होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, केसांत पेन्सिल खोचलेली, एका पायात निळी चप्पल, दुसऱ्यात तपकिरी. टरबूज घ्यायला आलेला माणूस आधी वाजवून बघू का म्हणून जसा उभा राहतो, तशा माझ्या टकलाकडे बघत होत्या.

"काका, किती सुंदर डोकं आहे तुमचं!" म्हणाल्या. "एकसुद्धा केस नाही!"

मी आधी टोपी घातली, मग पंचा सावरला. "बाई, माझ्या डोक्याबद्दल फक्त माझी बायको बोलते," मी म्हटलं, "आणि ती चांगलं बोलत नाही."

"मला ते रोज सकाळी तासभर लागेल," त्या म्हणाल्या, जसा काही मी बोललोच नव्हतो. "आणि इथे जवळपास एखादी खोली मिळेल का? भरपूर गोंगाट असलेली हवी."

माझ्या माडीवरची खोली रिकामीच होती. तिच्या भिंतीला लागून शेजाऱ्याचे माग. दिवसभर खटखट, खटखट. आधीचे भाडेकरू त्या आवाजालाच कंटाळून पळाले होते. बाईंनी खोलीत येऊन भिंतीला कान लावला आणि देवळात आल्यासारखा चेहरा केला. "वा," म्हणाल्या. त्या दिवशी माझी खोली भाड्याने गेली आणि डोकं फुकट गेलं. फुकट म्हणजे मर्जीने. डोकं मी भाड्याने देत नाही.

मी चौथी शिकलो. पाचवीत मास्तरांचं आणि माझं पटलं नाही, तेव्हा शाळा मी सोडली. शाळेने मला काढलं असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. पुढे जन्मभर जसोंडी गावात केळी लावली. आता शेत पोरगा बघतो, आणि मी बऱ्हाणपुरात बसून त्याला फोनवर त्याच्या चुका सांगतो. हे सांगायचं कारण एवढंच, की बाई काय करत होत्या ते मी समजलो तसं लिहिणार आहे. ज्याला जास्त समजलं असेल त्याने स्वतः लिहावं.

बाईंचं काम मेंदूचं. माणसाच्या डोक्यात बारीक वीज चालते म्हणे. डोक्यावर तारांची टोपी घातली की ती वीज कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाटांसारखी दिसते. इथपर्यंत जगात पुष्कळ लोक करतात. पण ते लाटा भरून ठेवतात आणि मग महिनाभर चष्मे लावून बघत बसतात. बाईंना लाट उठली की तिथल्या तिथे ओळखायची होती, आणि ओळखून तिथल्या तिथे काहीतरी करायचं होतं.

"म्हणजे कसं?" आमच्या हिने विचारलं.

"काकू, लग्नाचा व्हिडिओ बघता ना तुम्ही? त्यात सगळं दिसतं. पण व्हिडिओ बघून अक्षता टाकता येतात का? त्या 'सावधान' म्हटल्यावर तेव्हाच्या तेव्हा टाकाव्या लागतात. उशीर झाला तर नवरदेवावर पडत नाहीत, पंगतीतल्या वरणात पडतात. बाकीचे लोक व्हिडिओ बघतात. मला अक्षता टाकायच्यात."

"मग टाका की," ही म्हणाली. "एवढी शिकलेली बाई तुम्ही. अक्षता टाकाले काय लागते?"

बाई त्यावर खूप वेळ हसल्या. पण गोष्ट तीच होती. त्यांच्या अक्षता वेळेवर पडत नव्हत्या.

या कामापायी बाईंचं एका शब्दाशी वैर होतं. तो शब्द 'आत्ता'. दूधवाला म्हणाला, "मॅडम, आत्ता आणतो," की बाई दारात उभ्या राहून विचारणार, "आत्ता म्हणजे किती?"

"आत्ता म्हणजे आत्ता, मॅडम. बस अभी."

"पापणी लवते ना, तेवढ्या वेळाचे मी तुकडे करते. त्यातला एक तुकडा म्हणजे आत्ता. तुमचा आत्ता केवढा?"

दूधवाला माझ्याकडे बघायचा. मी आढ्याकडे बघायचो. आमच्या बऱ्हाणपुरात 'आत्ता'मध्ये एक चहा, एक पान आणि वाटेत भेटलेल्या माणसाच्या घरची सगळी खुशाली एवढं आरामात बसतं. कोणी 'आत्ता येतो' म्हणून बाहेर पडला तर घरचे जेवून घेतात. शेवटी बाईंनी बंदीच घातली. माडीवर हा शब्द काढायचा नाही. खाली काय बोलायचं ते बोला.

त्यांचा दुसरा शब्द म्हणजे गोंगाट. डोक्यातली लाट इतकी बारीक, की तिच्यावर साऱ्या जगाची वीज चढून बसते. पंख्याची, मिक्सरची, मागाची. माणसाची पापणी हलली तरी पडद्यावर डोंगर उठतो. तो सगळा गोंगाट चाळून टाकायचा आणि कामाची लाट तेवढी ठेवायची, हा बाईंचा उद्योग. तो त्या माणसांवरही चालवायच्या. एकदा मी त्यांना पुतण्याच्या लग्नाची हकीकत सांगत होतो. मांडव कसा वाकडा घातला, वरमाय काय बोलली, वऱ्हाडाची बस देडतलाईला कशी बंद पडली. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मी थांबलो तेव्हा म्हणाल्या, "काका, यातला गोंगाट काढा. काय उरलं?"

मी विचार केला. "मला मानाचा टॉवेल दिला नाही."

"हां. हा सिग्नल."

राग आला. पण टॉवेल दिला नव्हता हे खरंच होतं.

असल्या बाईला शांतता लागत असेल असं कोणालाही वाटेल. शेजारचा मागवाला भला माणूस. तो स्वतःहून आला. "मॅडम, हमारे लूम की तकलीफ होत असेल तर सकाळी तासभर बंद ठेवतो."

"बंद?" बाई ओरडल्याच. "खबरदार! सगळे चालू ठेवा!"

तो जिना उतरताना माझ्या कानाशी लागला. "काकाजी, भाडं आगाऊ घेतलंय ना?"

बाईंचं म्हणणं असं, की हे सगळं कोणासाठी आहे? लकवा मारलेल्या माणसासाठी. त्याचा हात उठत नाही, पण हात उचलायचा विचार तर डोक्यात उठतो. यंत्राने तो विचार उठल्याबरोबर पकडला, तर दुसरं यंत्र त्याचा हात उचलून देईल. "आणि तो माणूस काय काचेच्या खोलीत राहणार आहे का?" बाई विचारायच्या. "तो घरी राहणार, मिक्सरच्या शेजारी. शांत खोलीतच चालणारं यंत्र त्याच्या काय कामाचं?" म्हणून त्या आपल्या मोठ्या संस्थेतून यंत्र उचलून आमच्या गोंगाटात आल्या होत्या. संस्थेतल्या वरच्या लोकांना ते पसंत नव्हतं. गावातल्या घरात हे कधी चालायचं नाही, असं त्यांचं मत.

तर रोज सकाळी माडीवरून हाक यायची, "काकू, मिक्सर लावा!"

जन्मात पहिल्यांदा कोणी हिच्या मिक्सरला मागणी केली होती. ही खालून विचारायची, "रिकामा लावू, का चटणीचा?"

"चटणीचा! रिकाम्याची लाट वेगळी येते!"

आमच्या घरात शेंगदाण्याची चटणी त्या काळात कधी संपली म्हणून नाही. पुढे पुढे तर पडद्याकडे बघून गल्लीत कोणाकडे काय चालू झालं ते बाईंना कळायला लागलं. "कोपऱ्यावर मोटर लागली," म्हणायच्या, आणि खरंच नळाला पाणी आलेलं असायचं. गल्लीतल्या बाया त्यांना मेंदूवाली म्हणून ओळखतच नव्हत्या. पाणी आल्याचं सांगणारी मॅडम, एवढीच ओळख. हंडे घेऊन जिन्याखाली उभ्या राहायच्या आणि वर बघून विचारायच्या, "मॅडम, आलं का?"

माझ्या टोपीचा प्रश्न मात्र अवघड होता. टोपी मी तापीमाईपुढे काढतो आणि न्हाव्यापुढे काढतो. बस. माझ्यापेक्षा लहान माणसासमोर, त्यात बाईमाणसासमोर, उघड्या डोक्याने खुर्चीत बसायचं म्हणजे काय? सुरुवातीला कितीतरी दिवस मी माडीवर जायचो, चहा प्यायचो आणि टोपीसकट खाली यायचो. बाई एकदाही "काढा" म्हणाल्या नाहीत. एक दिवस वर गेलो तर खुर्चीशेजारी उंच स्टूल, स्टुलावर धुतलेलं फडकं, फडक्यावर उपडा घातलेला तांब्या. "ही तुमच्या टोपीची जागा," म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा वर ठेवली आहे." बसून बघितलं तर खरंच वर होती. मी टोपी काढून तांब्यावर ठेवली. मग त्या तारांची टोपी दोन्ही हातांत धरून वाकल्या आणि म्हणाल्या, "काका, परवानगी?" पुढे रोज विचारायच्या. मीही रोज थोडं थांबून द्यायचो.

टोपी चढवली की प्रत्येक तारेखाली बिनसुईच्या पिचकारीने थंडगार चिकट मलम सोडायचं. ते मलम बाईंच्या बोटांना, ओढणीला, फोनला आणि ज्या मावा जिलेबीवर त्यांचा नाश्ता चालायचा त्या जिलेबीलाही लागायचं. "खारट लागतेय आज," एकदा म्हणाल्या, आणि तशीच खाऊन टाकली.

आता खेळ सांगतो. समोर लाल दिवा, माझ्या हाताखाली दाराच्या बेलचं बटण. मला वाटेल तेव्हा मी बटण दाबायचं. कधी, ते माझं मी ठरवायचं. दिवा लागायच्या आत दाबलं तर मी जिंकलो. माझा हात उठायच्या आत दिवा लागला तर यंत्र जिंकलं.

"म्हणजे मी केव्हा दाबणार ते यंत्राला माझ्या आधी कळणार?" मी विचारलं.

"हात उचलायच्या आधी डोक्यात तयारी सुरू होते, काका. पाणी ओतायच्या आधी तांब्या कलतो ना, तसं. तो कल यंत्राने ओळखायचा."

"बाई, मी काय करणार ते माझ्या बापाला कधी कळलं नाही."

ही चहा घेऊन आली होती. तिने विचारलं, "म्हणजे यांच्या डोक्यात काय चालते ते सगळं दिसते का?"

"नाही काकू. फक्त हात हलवायचा विचार आला की दिवा लागणार."

"मग राहू द्या," ही म्हणाली. "यांच्या डोक्यात हात हलवायचा विचार यायचा म्हणजे तुमचा दिवा दिवाळीलाच लागन."

पहिले काही महिने मीच जिंकलो. दिवा लागायचा, पण मी बटण दाबून मिशीवरून हात फिरवल्यावर. कधी मी काहीच ठरवलं नसताना, नुसती पापणी हलली म्हणून लागायचा. तेव्हा बाई "पापणी!" असं ओरडायच्या, जशी काही ती शिवी आहे. मी मात्र खुशीत. मागवाल्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, जसोंडीला फोन करून सांगितलं, की दिल्ली-मुंबईची मशीन तुझ्या बापाला पकडू शकत नाही. बाई पडद्यासमोर बसून स्वतःशी बोलायच्या. "वाट बघतंय. अजून वाट बघतंय."

मग एक दिवस त्यांना सापडलं. मला समजलं ते असं, की यंत्र ट्रक भरायची वाट बघत होतं. लाटांचा मोठा ढीग जमला की मग तो चाळायला घ्यायचं, तोवर माझा हात हलून जायचा. बाईंनी ते बदललं. एक घड आला की तो चाळून पुढे, तोवर दुसरा हजर. त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे बसलो, मनात म्हटलं, चला, दाबू या. बोट हललं नव्हतं. आणि दिवा लागला.

मी दिव्याकडे बघत राहिलो. बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"हे यंत्र डोकावून बघतं," मी म्हटलं.

"काका, त्याचं कामच ते आहे."

"पण न विचारता?"

त्या दिवसापासून मी हरायला लागलो. दर वेळी नाही, पण जास्ती वेळा. सगळे डाव करून बघितले. दाबायचं नाही असं ठरवून अचानक दाबायचं. देवाचं नाव घेता घेता दाबायचं. केळीच्या भावाचा विचार करत करत दाबायचं. दिवा लागायचाच. मी जेवताना बोलेनासा झालो. ही म्हणाली, "अहो, कायले दिव्याशी भांडता? तो तुमचा कोण लागते?" मी म्हटलं, "तुला नाही कळायचं. माझ्या आधी माझं ठरवतो म्हणजे काय?" ती म्हणाली, "मी नाही का ठरवत इतके वर्षं?"

अशात एक दिवस बाईंची जिलेबी तशीच पडून राहिलेली दिसली.

"काका, संस्थेतून साहेब येताहेत," त्या म्हणाल्या. "यंत्र बघायला. सोबत गाडीत रिकामी खोकी आणताहेत."

"खोकी कायले?"

"नाही चाललं तर यंत्र त्याच दिवशी भरून न्यायला. माझ्यासकट. मग मी तिथे टेबलावर बसून दुसऱ्यांच्या कागदांवर सह्या करायच्या."

"आणि तो लकव्याचा माणूस? मिक्सरजवळचा?"

बाई जिलेबीची पुडी बांधत राहिल्या. ती ठेवत पण नव्हत्या, खात पण नव्हत्या.

मी खाली आलो आणि ठरवलं. जन्मात केलं नाही ते करायचं. साहेबांसमोर मुद्दाम हरायचं. बाईंना सांगायचं नाही.

तो दिवस आला. सकाळी हिने तिळाचं तेल गरम केलं आणि माझ्या डोक्यात चांगलं जिरवलं. एवढे मोठे लोक येणार, घरचा माणूस सगळ्यांसमोर खुर्चीत बसणार, त्याने काय कोरड्या डोक्याने बसायचं? मलाही ते बरोबर वाटलं. मी चकचकीत होऊन माडीवर गेलो, टोपी काढून तांब्यावर ठेवली. बाईंनी डोक्याकडे बघितलं. बोट लावलं. बोट घसरलं.

"काका, हे काय?"

"तेल."

"किती?"

"वाटीभर," ही जिन्यातून कौतुकाने म्हणाली. "जिरवलं मी चांगलं."

बाई पिचकारी हातात घेऊन मटकन खाली बसल्या. तेलावर त्यांचं मलम टिकत नाही, आणि मलम नाही तर लाट नाही. तेवढ्यात खाली गाडी थांबली.

मग जे झालं त्याबद्दल मी हिला मानतो. तिने साहेबांना पुढच्या खोलीत बसवलं, चहा दिला आणि म्हणाली, "आत्ता येतात." मागच्या मोरीत बाई बेसनाने माझं डोकं घासत होत्या. हिने साहेबांना पोहे दिले. "आत्ता येतात." मग शिकेकाई. साहेबांना पोह्यांवर चटणी. "झालंच, आत्ता." पुन्हा बेसन. साहेबांना मावा जिलेबी. साहेब घड्याळ बघायचे, पण तोंडात घास असल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. मी माडीवर जाऊन बसलो तेव्हा माझं डोकं पापडासारखं कोरडं झालं होतं आणि बाईंच्या कोपरापर्यंत पीठ लागलं होतं.

साहेब वर आले. उंच माणूस, दाट काळेभोर केस, सोबत दोघं जण. मागांची खटखट ऐकून म्हणाले, "इथे? यात?"

"यातच," बाई म्हणाल्या. जिन्याकडे वळून ओरडल्या, "काकू, मिक्सर!"

खाली चटणी सुरू झाली. बाईंनी टोपी चढवली, मलम भरलं, लाटा पडद्यावर आल्या. "काका, तुम्हाला वाटेल तेव्हा," म्हणाल्या.

मी तर हरायला बसलो होतो. म्हणून मी दिव्याकडे बघत राहिलो. मनात म्हटलं, लाग बाबा एकदा, मग दाबतो. दिवा लागेना. लागणार कसा? मी दाबायचा विचारच करत नव्हतो, दिव्याची वाट बघत होतो. आणि दिवा माझी वाट बघत होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. खाली मिक्सर फिरत होता. साहेबांच्या सोबतच्या एकाला जांभई आली.

मग घाबरून, मनात काही ठरवायच्या आतच मी बटणावर बोट आपटलं. दिवा मागून लागला. पुन्हा केलं, पुन्हा मागून.

साहेब बाईंना हळूच म्हणाले, पण मला ऐकू आलं, "या बाबांना समजलंय ना, काय करायचंय ते?"

बाई माझ्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

"काका, तुम्ही मला मदत करताय का?"

"हाव," मी म्हटलं.

"करू नका." त्या म्हणाल्या. "मला तुमची मदत नकोय. मला तुमचा हट्ट पाहिजे. त्या दिव्याला हरवा. मनापासून हरवा."

हट्ट माझ्याकडे भरपूर होता. वर साहेबांचं ते बोलणं. समजलंय ना म्हणे! मी चौथी शिकलो, बहिरा नाही झालो. मी पाठ ताठ केली. मनात म्हटलं, आज या दिव्याचा माज उतरवतो. खरंच तसं वाटलं. बाई, संस्था, लकवा, सगळं विसरलो. दाबतो म्हटलं आणि दिवा लागला. बोट अजून बटणावर टेकलं नव्हतं. मी दात खाल्ले. परत. परत दिवा आधी. मी टेबलावर मूठ आपटली. ती मूठ आपटायच्या आधीही दिवा लागला! साहेबांच्या सोबतचे दोघं पुढे सरकले. जांभईवाला तर टाळ्या पिटायला लागला. बाई दोन्ही हातांनी तोंड दाबून उभ्या होत्या, पीठ गालांना लागलेलं.

साहेब म्हणाले, "बाबा, वाईट वाटून घेऊ नका. हरलात तुम्ही."

"कोण हरलं?" मी विचारलं. "दिव्याला सांगितलं कोणी?"

"तुमच्या मेंदूने."

"मेंदू कोणाचा?"

"तुमचा."

"मग जिंकलं कोण? हात माझा जरा हळू निघाला, एवढंच. तुमच्या यंत्राने मध्ये नुसती चुगली केली."

साहेब हसले. पण माणूस पक्का होता. बाईंकडे वळून म्हणाले, "चाललं, हे खरं. पण हे डोकं एकदम साफ आहे. ज्याला केस आहेत, त्याच्या घरी काय करणार? एका टकलावर मी काम चालू ठेवू शकत नाही." आणि सोबतच्याला खूण केली, खोकी आणायची.

बाईंनी तोंडावरचे हात खाली घेतले.

"साहेब," मी म्हटलं, "तुम्हाला आहेत की केस. बसा."

"मी?"

"का? भीती वाटते?"

साहेब बसले. आता नाही म्हणून चालण्यासारखं नव्हतंच. बाईंनी त्यांच्या दाट केसांत वाट काढत काढत पिचकारीभर, मग अजून पिचकारीभर मलम घातलं. नव्या डोक्याची ओळख पटायला यंत्राला वेळ लागतो, म्हणून आधी बिनदिव्याचं बटण दाबत राहायचं असतं. साहेबांनी ते केलं. तोवर खोकी खालच्या ओसरीवर येऊन पडली. मग बाईंनी दिवा जोडला.

पहिल्यांदा साहेबच जिंकले. अंगठा वर करून दाखवला. बाई पडद्याकडेच बघत होत्या, पण त्यांचे खांदे पडलेले मला दिसले.

"छान," मी साहेबांना म्हटलं. "मलाही सुरुवातीला असंच वाटलं होतं, दिवा बावळट आहे म्हणून."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग कोटाच्या बाह्या वर केल्या. बटणाजवळ बोट नेलं, थांबले, चेहरा कोरा केला. त्यांना वाटलं चेहरा कोरा केला की झालं. मागांची खटखट चालू, खाली मिक्सर चालू. आणि दिवा लागला. साहेबांचं बोट हवेतच राहिलं.

"एक मिनिट," ते म्हणाले. "मी तयार नव्हतो. पुन्हा."

पुन्हा दिवा आधी.

"पुन्हा लावा."

पुन्हा दिवा आधी. साहेबांच्या कानावरून मलमाचा ओघळ आला तो त्यांना कळला पण नाही. मी त्यांच्या मागे उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदा दिव्याच्या बाजूने.

खालून सोबतचा एकजण जिना चढून आला. "सर, खोकी वर आणू का?"

"कसली खोकी?" साहेब मान न वळवता म्हणाले. "बाजूला हो तू. दिव्यासमोर उभा राहू नको."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू, आणि हात पुढच्या खेळासाठी चालूच. मी जिन्याच्या तोंडाशी गेलो आणि खाली हाक मारली.

"अवं, पोळ्या जास्त टाक! साहेब हरताहेत!"